मूल एकाएकी बदलते तेव्हा

मुलांचा स्वभाव सहसा सावकाश बदलतो. शाळेची धास्ती, हट्टीपणा, अबोला किंवा एकाच गोष्टीचा ध्यास आठवड्यांनी, महिन्यांनी वाढत जातो आणि त्याची सुरुवात नेमकी केव्हा झाली हे घरच्यांना सांगता येत नाही. काही मुलांच्या बाबतीत मात्र आई-वडील थेट वार आणि तारीख सांगतात. अमुक दिवसापर्यंत मूल ठीक होते, त्यानंतर ते शंभर वेळा हात धुऊ लागले, जेवेनासे झाले, आईचा पदर सोडेनासे झाले, रात्र-रात्र जागू लागले, असे त्यांचे सांगणे असते. अशा मुलांपैकी काहींच्या आजाराचे मूळ त्यांच्याच रोगप्रतिकारयंत्रणेत सापडते. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मेंदूतील पेशींवर उलटतात आणि परिणाम वागण्यातून, हालचालींतून, बोलण्यातून दिसू लागतात.

वैद्यकशास्त्रात या गटाला स्वयंप्रतिकारजन्य मेंदू-मनोविकार म्हटले जाते. लक्षणे मनोविकाराची आणि कारण शारीरिक, अशी त्यांची रचना असल्याने पालकांची फरफट होते. बालरोगतज्ज्ञ मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, मानसोपचारतज्ज्ञ मेंदूविकारतज्ज्ञाकडे, आणि मधल्या काळात नातेवाइकांचे सल्ले, दृष्ट काढणे, अंगारे-धुपारे सुरूच असतात. या गटातील तीन आजारांची माहिती प्रत्येक पालकाला असणे हिताचे आहे. त्यांपैकी दोन वैद्यकशास्त्राने निर्विवाद मान्य केले आहेत, तर तिसऱ्याबद्दल पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. हा फरक लक्षात न घेतल्यास एकीकडे उपचारास उशीर होतो, तर दुसरीकडे अनावश्यक उपचारांवर घरदार पणाला लागते.

शरीराची ओळख चुकते

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता आणि परिसरातील गावांत गिया बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली होती. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते. जिवाणूच्या आवरणावरील काही घटक मज्जातंतूंवरील घटकांसारखे दिसतात. त्यामुळे हीच प्रतिपिंडे मज्जातंतूंवर हल्ला करतात, हे त्या वेळी वृत्तपत्रांतून वारंवार सांगितले गेले. या साम्यामुळे होणाऱ्या गफलतीला रेणूसादृश्य म्हणतात. गिया बारेमध्ये हातापायांकडे जाणाऱ्या नसा बाधित होतात आणि लुळेपणा येतो. हीच गफलत मेंदूच्या आतील पेशींबाबत झाली तर लुळेपणाऐवजी भीती, मंत्रचळ, संताप, वेड्यावाकड्या हालचाली किंवा भ्रम दिसू शकतात.

मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशीसमूह असतात. हालचालींवर लगाम ठेवणे, सवयी जोपासणे आणि एखादी कृती पुरी झाल्याचे समाधान मिळवून देणे ही त्यांची कामे. हा लगाम सुटला की हातपाय आपोआप हलतात आणि दाराची कडी लावली की नाही, हात स्वच्छ झाले की नाही, ही शंका मिटत नाही. म्हणूनच एकाच आजारात हालचालींचे आणि विचारांचे विकार जोडीने दिसतात.

जुना, पण विसरलेला आजार

या गटातील सर्वांत जुना आजार म्हणजे सिडनहॅम कोरिया. इंग्लंडमधील वैद्य थॉमस सिडनहॅम यांनी त्याचे वर्णन १६८६ मध्ये केले. स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे घसा दुखून गेल्यानंतर काही आठवड्यांनी, तर कधी काही महिन्यांनी तो उद्भवतो. ५ ते १५ या वयोगटात आणि मुलींमध्ये तो अधिक आढळतो. मुलाच्या हातून पेला सांडतो, पेन्सिल गळून पडते, अक्षर बिघडते, चेहरा वेडावाकडा होतो, बाहेर काढलेली जीभ स्थिर राहत नाही. झोप लागली की हालचाली थांबतात. शाळेत अशा मुलाला वेंधळेपणाबद्दल किंवा वर्गात तोंडे वेडावल्याबद्दल शिक्षा झाल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत.

हालचालींच्या आधी किंवा त्यांच्यासोबत मूल चिडचिडे, रडवे आणि मंत्रचळे होते. कॅनडात जन्मलेले विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८९४ मध्ये कोरियावर लिहिलेल्या ग्रंथात अशा बालकांच्या वागण्यातील पुनरावृत्तीची नोंद केली होती. १९७६ मध्ये या मुलांच्या रक्तात मेंदूच्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे आढळली आणि आजाराचे स्वरूप स्पष्ट होऊ लागले.

सिडनहॅम कोरिया हे संधिवाताच्या तापाचे, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरचे, एक प्रमुख लक्षण आहे. अमेरिकी डॉक्टर डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या निकषांत त्याला ठळक स्थान होते आणि आजही आहे. श्रीमंत देशांत हा ताप जवळपास नाहीसा झाला. भारतात तो अजून आहे. त्यामुळे कोरिया झालेल्या प्रत्येक मुलाच्या हृदयाची तपासणी, तीही इको करून, व्हायलाच हवी. हालचाली काही महिन्यांत थांबतात. मात्र हृदयाच्या झडपांना झालेली इजा जन्मभर राहू शकते. ती टाळण्यासाठी पेनिसिलिनचे दीर्घ परिणामाचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल बरे दिसू लागल्यावर हे इंजेक्शन बंद करणे ही पालकांकडून होणारी सर्वांत महाग चूक ठरते.

मेंदूचा दाह, वेडाचा भास

दुसरा आजार अलीकडचा, पण तितकाच निर्विवाद. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ यांनी, ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असताना, सहकाऱ्यांसह १२ स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तीव्र मनोविकाराची लक्षणे, झटके, बोलणे बंद होणे, श्वास मंदावणे अशी अवस्था झालेल्या या स्त्रियांच्या मेंदूतील एनएमडीए या ग्राहक-रेणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती आणि त्यांपैकी बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. हा आजार अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस म्हणून ओळखला जाऊ लागला. अमेरिकी पत्रकार सुझाना कॅहलन यांनी या आजारातून बरे झाल्यावर २०१२ मध्ये लिहिलेल्या ‘ब्रेन ऑन फायर’ या पुस्तकामुळे तो सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

हा केवळ तरुण स्त्रियांचा आजार नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात ३७ टक्के रुग्ण १८ वर्षांखालील होते. लहान मुलांमध्ये गाठ क्वचितच सापडते. सुरुवातीला ताप, डोकेदुखी असे साध्या विषाणूजन्य तापासारखे काहीतरी होते. मग झोप उडते, मूल विनाकारण किंचाळते, हिंसक होते, हळूहळू बोलेनासे होते. तोंडाच्या चघळल्यासारख्या हालचाली आणि झटके सुरू होतात. नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूमुळे मेंदूज्वर होऊन गेलेले काही रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा बिघडतात, त्यामागेही अनेकदा हीच प्रतिपिंडे असतात. मनोविकारावरील औषध सुरू केल्यावर ताप आणि अंग ताठ होणे ही लक्षणे दिसली, तर डॉक्टरांनी या शक्यतेचा विचार करावा, असे आता सांगितले जाते.

येथे वेळेला किंमत आहे. वरील अभ्यासात पहिल्या टप्प्यातील उपचार किंवा गाठ काढल्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांत चार आठवड्यांच्या आत सुधारणा दिसली आणि दोन वर्षांच्या अखेरीस ८१ टक्के रुग्णांची प्रकृती चांगली होती. उपचार लवकर सुरू झालेल्यांना अधिक लाभ झाला. प्रतिपिंडांचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. म्हणून २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांत, लक्षणे आणि प्राथमिक तपासण्यांवरून दाट संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करण्याची मुभा दिली गेली.

पँडासचा वाद

तिसऱ्या आजाराचे नाव पँडास. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. सुझन स्विडो आणि सहकाऱ्यांना १९८९ मध्ये कोरियाच्या मुलांत मंत्रचळाची लक्षणे लक्षणीय प्रमाणात आढळली. कोरिया नसलेल्या काही मुलांतही घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर असा मंत्रचळ एकाएकी उद्भवत असावा, असे त्यांनी मांडले. १९९८ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पाच निकष ठरवले. मंत्रचळ किंवा टिक्स, म्हणजे डोळे मिचकावणे, खांदे उडवणे, घसा खाकरणे यांसारख्या अनैच्छिक हालचाली असणे. तीन वर्षे ते पौगंडावस्था यांदरम्यान सुरुवात होणे. आजार एकाएकी येणे आणि लाटांप्रमाणे वर-खाली होणे. स्ट्रेप्टोकोकस संसर्गाशी काळाचा संबंध असणे. आणि मज्जासंस्थेची काही चिन्हे दिसणे, हे ते निकष होत.

संसर्ग सिद्ध करण्याची अट अनेकदा अडचणीची ठरत असल्याने २०१२ मध्ये पॅन्स ही व्यापक संज्ञा पुढे आली. तिच्यात कारण कोणतेही असो, मंत्रचळ किंवा अन्न नाकारणे एकाएकी सुरू होणे हा गाभा मानला जातो. त्याच्या जोडीला विरहाची भीती, टोकाचे मनोविकार, आक्रमकता, वयाच्या मानाने लहान मुलासारखे वागणे, अभ्यासात घसरण, हस्ताक्षर बिघडणे, झोपमोड, पुन्हा अंथरूण ओले करणे अशा सात गटांपैकी किमान दोन गटांतील लक्षणे लागतात आणि अन्य कोणत्याही आजाराने त्यांचा उलगडा होता कामा नये.

याविषयी अनेक तज्ज्ञ साशंक आहेत. शाळकरी वयात घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग अतिशय सामान्य असतो आणि टिक्स व मंत्रचळही याच वयात सुरू होतात. दोन सामान्य गोष्टी एकाच महिन्यात घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असे म्हणता येत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, मुलांवर दोन वर्षे लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासात बहुतेक उद्रेकांचा या संसर्गाशी कालसंबंध आढळला नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये पॅन्सविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालातही पुराव्यांच्या मर्यादांकडे लक्ष वेधण्यात आले. दुसरीकडे, आपले मूल एका दिवसात हरवल्याचा अनुभव घेतलेल्या पालकांना ही शंका म्हणजे आपल्यावरील अविश्वास वाटतो. त्यांच्या संघटित प्रयत्नांतून अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात २०१७ मध्ये या आजारांच्या उपचारांना विमा संरक्षण देणारा कायदा झाला.

चाचण्या काय सांगतात, काय नाही

पॅन्स किंवा पँडास सिद्ध करणारी एकही रक्तचाचणी नाही. एएसओ ही सर्वत्र होणारी चाचणी केवळ इतकेच सांगते, की मागील काही आठवड्यांत वा महिन्यांत स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला असावा. ती वाढलेली असणे म्हणजे आजाराचा पुरावा नव्हे. तशी ती अनेक निरोगी मुलांतही वाढलेली आढळते. पाश्चात्त्य देशांत मेंदूविरोधी प्रतिपिंडांच्या चाचण्यांचा एक महागडा संच विकला जातो. स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये तो पडताळला, तेव्हा बहुसंख्य निरोगी व्यक्तींमध्येही किमान एक निष्कर्ष असाधारण आला. परदेशातील नातेवाइकांमार्फत रक्ताचे नमुने पाठवण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

एनएमडीए प्रतिपिंडांची स्थिती याच्या उलट आहे. ही चाचणी नेमकी असून भारतातही होते. फक्त ती रक्तासोबत पाठीच्या मणक्यातील पाण्यावरही करावी लागते. कारण मणक्यातील पाण्यात प्रतिपिंडे असूनही सुमारे १४ टक्के रुग्णांच्या रक्तात ती सापडत नाहीत. पाठीतून पाणी काढण्याची पालकांना भीती वाटते, परंतु ती टाळल्यास निदान हुकू शकते. एमआरआय अनेकदा स्वच्छ येतो, तर मेंदूचा विद्युत आलेख म्हणजे ईईजी बहुतेक रुग्णांत बिघडलेला असतो. ‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे सगळे मनाचे खेळ’ हा निष्कर्ष त्यामुळे धोक्याचा आहे.

यांखेरीज, मुलाचे वागणे आणि अभ्यास बिघडवणारे अन्य आजारही वगळावे लागतात. यकृतात व मेंदूत तांबे साचणारा विल्सनचा आजार औषधांनी आटोक्यात येतो. लहानपणी गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी उद्भवणारा एसएसपीई भारतात अजूनही दिसतो. त्यात अभ्यासातील घसरणीपाठोपाठ अंगाला हिसके बसू लागतात. ल्युपसही कधी प्रथम मनोविकाराच्या रूपाने दिसतो.

उपचार आणि त्यांची किंमत

एनएमडीए एन्सेफलायटिसमध्ये प्रथम स्टिरॉइड, शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे आयव्हीआयजी किंवा रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया यांचा वापर होतो. त्यांनी गुण न आल्यास रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड दिले जाते. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून तयार होते. म्हणून ते महाग असते. साधारणपणे दर किलो वजनामागे २ ग्रॅम अशी एकूण मात्रा दिली जाते. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम लागतात आणि खासगी रुग्णालयात खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. निदान पक्के असेल तेथे हा खर्च सार्थकी लागतो.

पॅन्सच्या बाबतीत तसे ठामपणे म्हणता येत नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९ मुलांवरील चाचणीत आयव्हीआयजी आणि रक्तद्रव बदल या दोहोंनी महिन्याभरात ठळक फरक पडल्याचे दिसले. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५ मुलांवरील चाचणीत आयव्हीआयजी आणि औषधविरहित द्रव यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही चाचण्या लहान आहेत. त्यांवरून अंतिम निवाडा होत नाही. मूल गंभीर असेल, तर अनुभवी केंद्रातील मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घेणे योग्य. घशात संसर्ग सिद्ध झाल्यास प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम द्यावा, यावर दुमत नाही. संसर्गाच्या पुराव्याशिवाय महिनोन्महिने प्रतिजैविके देण्याला मात्र भक्कम आधार नाही.

एका गोष्टीचा पुरावा भरभक्कम आहे आणि तिचाच विसर पडतो. मंत्रचळाचे कारण कोणतेही असो, वर्तनोपचार आणि गरजेनुसार मंत्रचळावरील औषधे यांचा उपयोग होतो. ‘आजार शारीरिक आहे, मग मानसोपचार कशाला’ हा प्रश्न मधुमेह्याने ‘मग पथ्य कशाला’ असे विचारण्यासारखा आहे.

पालकांच्या हाती काय

निदानातील सर्वांत मोलाचा दुवा घरातच असतो. बदल सुरू झाल्याची तारीख, त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांतील घसादुखी, ताप, पुरळ किंवा सांधेदुखी, गोवराच्या लसीची नोंद आणि दिलेली औषधे हे सारे एका वहीत लिहून न्यावे. विचित्र हालचाली किंवा झटके मोबाइलवर चित्रित करावेत. डॉक्टरांसमोर ते दिसतीलच असे नाही. बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या शाळेच्या वह्या सोबत नेल्यास हस्ताक्षरातील फरक नजरेत भरतो. तारीख आठवत नसेल तर ओढूनताणून सांगू नये. सावकाश सुरू झालेला मंत्रचळ हाही खराच आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

काही चिन्हे दिसल्यास मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. वागण्यातील बदलासोबत ताप किंवा झटके, शुद्ध हरपणे, बोलणे बंद होणे, सलग रात्री झोप न येणे, अंग ताठणे, पाणीही न घेणे किंवा जिवाला अपाय करण्याची भाषा, यांपैकी काहीही आढळल्यास मुलाला त्याच दिवशी मेंदूविकार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. मुंबईतील केईएम व वाडिया, तसेच बेंगळुरूची निम्हान्स यांसारख्या संस्थांत बालकांच्या मज्जासंस्थेच्या आजारांवर उपचार होतात. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. थकलेल्या पालकांनीही तिचा उपयोग करून घ्यावा.

मुलाच्या अंगात काही शिरले आहे, या समजुतीने त्याला बांधणे, मारणे, धुरी देणे असे प्रकार आजही घडतात. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा आहे. कायद्याहून मोठी हानी वेळेची होते. मेंदूला सूज असलेल्या मुलाचे ते दिवस परत मिळत नाहीत.

एकाएकी बदललेल्या प्रत्येक मुलाला स्वयंप्रतिकार आजार असतो असे नाही. बहुतेकांना तो नसतो. म्हणून डॉक्टरांनी पालकांची तारीख गांभीर्याने घ्यावी आणि पालकांनी डॉक्टरांची शंका शत्रुत्व समजू नये. कोरियात हृदय वाचवता येते, एनएमडीए एन्सेफलायटिसमध्ये मेंदू वाचवता येतो आणि पॅन्समध्ये, वाद मिटेपर्यंतही, मुलाचा त्रास कमी करता येतो. त्यासाठी मुलाला वेडे, लाडावलेले किंवा झपाटलेले ठरवण्याची घाई टाळून आधी त्याची नीट तपासणी करून घ्यायला हवी.